दिवसाउजेडी सांगायची गोष्ट

मी नोकरीभर दुसऱ्यांचे पैसे तिसऱ्यांना दिले. माझ्या कामाचं वर्णन याहून कमी शब्दांत मला जमत नाही, आणि जास्त शब्दांत करायला गेलं की ऐकणारा जेवणाच्या पंगतीकडे बघायला लागतो. लग्नकार्यात कुणी विचारलं, काय करत होता, तर बँकेतला माणूस एका शब्दात सुटतो. मास्तरही सुटतो. मी म्हणायची, एका विश्वस्त निधीत होते, लहान मुलांच्या शिक्षणासाठी रेडिओवाल्यांना मदत करायचो. समोरचा हमखास विचारायचा, म्हणजे रेडिओवर बोलायच्या? नाही. मग मुलांना शिकवायच्या? तेही नाही. मग तो माझ्याकडे जरा कीव आल्यासारखा बघायचा आणि जिलबी घ्यायचा.

दिवाळी अंकाच्या निमित्तानं आता सविस्तर सांगायची संधी मिळाली आहे, तर घेतेच.

तीन ते सहा वर्षांचं मूल शिकतं ते ऐकून आणि बोलून. पाटी, पुस्तक सगळं नंतरचं. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात घरी गोंडी किंवा झाडीकडची मराठी, आणि अंगणवाडीच्या भिंतीवर पुस्तकी मराठी. मूल मधल्यामध्ये गप्प बसतं. सेविकेला खिचडी, वजनं, लसीकरण, गरोदर बायांच्या भेटी, सगळं उरकून शिकवायचं असतं. अशा वेळी रोज थोडा वेळ कुणी ओळखीच्या बोलीत मुलांशी बोललं, गाणं म्हणालं, गोष्ट सांगितली, आणि मग सेविकेनं त्याच गोष्टीवरून मुलांना बोलतं केलं, तर फार फरक पडतो. मोबाइलची रेंज तिथे झाडावर चढल्याशिवाय येत नाही. रेडिओला चार सेल पुरतात.

चिमूरकडे एका स्थानिक संस्थेचं लहानसं रेडिओ केंद्र होतं. शेठ नाही, जाहिराती नाहीत, गावच्या लोकांनीच चालवलेलं. त्यांच्याकडे आवाज होता, पैसा नव्हता. अंगणवाड्यांकडे मुलं होती, फुरसत नव्हती. आमच्याकडे पैसा होता आणि बाकी काहीच नव्हतं. या तिघांना एका सतरंजीवर बसवायचं आणि उठेपर्यंत भांडू द्यायचं नाही, ही माझी नोकरी.

पैसे द्यायला निघालं की तऱ्हेतऱ्हेची माणसं भेटतात. एका गृहस्थांनी जीपवर भोंगा बांधून गावोगाव बालगीतं वाजवायची योजना आणली होती. योजनेत जीप अगदी तपशिलात होती, मुलं कुठेच नव्हती. मी तसं म्हटल्यावर ते म्हणाले, "मुलं काय जी, भोंगा ऐकून येतातच." त्यांना नाही म्हणायला मला बराच चहा प्यावा लागला. उलट कोरपन्याकडच्या एका सेविकेनं आमच्याकडून रेकॉर्ड करून आलेलं आगगाडीचं गाणं परत पाठवलं. तिच्या गावातून दिवसभर सिमेंटचे बल्कर, म्हणजे टाकीचे ट्रक, जातात, मुलं तेच मोजतात, तेव्हा गाणं बल्करचं हवं, असा निरोप. केंद्रानं ते करून दिलं, आणि बल्करचा हॉर्न मुलांना इतका आवडला की शेवटी सेविकेनंच हात जोडले.

हे गाणं ज्या मुलीनं करून दिलं तिचं नाव वंदना. केंद्राची निवेदिका, निर्माती, आणि पाऊस आला की छतावर चढून वायर सारखी करणारीही तीच. कामाच्या निमित्तानं मी बरेच हुशार लोक पाहिले, पण वंदनासारखं ऐकणारं माणूस मला दुसरं भेटलं नाही. ती कुठल्याही घरी जाऊन बसली की म्हाताऱ्या बाया आपोआप बोलायला लागायच्या. आमच्या कार्यक्रमातल्या गोष्टी तिनं अशाच मिळवल्या. सगळ्यात चांगल्या गोष्टी कोसमटोल्याच्या सोमाबाईंच्या. कोसमटोला म्हणजे मोहर्लीच्या अलीकडे, जंगलाला खेटून असलेला गोंडांचा टोला, लहानशी वस्ती. सोमाबाई कोल्ह्याचा आवाज काढायच्या तेव्हा केंद्रातला इंजिनिअर हातातलं काम थांबवायचा. त्या फक्त दिवेलागणीनंतर गोष्ट सांगतात, असं वंदना म्हणाली होती. दिवसभर कामं असतील, असं आम्ही धरून चाललो.

कार्यक्रम रोज सकाळी दहाला लागायचा, कारण अंगणवाडी तेव्हा भरलेली असते. आधी गाणं, मग एखादा खेळ, शेवटी गोष्ट. बहुतेक गावांतून चांगल्या खबरा येत होत्या. कोसमटोल्यातून मात्र काहीच येईना. ज्या गावाच्या गोष्टी सगळा तालुका ऐकत होता, तिथेच रेडिओ बंद. मोहाचा हंगाम संपत आला होता तेव्हा वंदना आणि मी जाऊन बघायचं ठरवलं.

अंगणवाडीत सेविका रेखाबाई मडावी एकट्या बसल्या होत्या. सोबत त्यांची धाकटी लेक, पाचेक वर्षांची सुमी. बाकी मुलं नव्हती. खिचडी शिजून तयार होती आणि रेडिओ फळीवर फडक्यात गुंडाळून ठेवला होता. रेखाबाईंनी आधी आम्हाला पाणी दिलं, मग सुमीला बाहेर पाठवलं, आणि मग सांगायला लागल्या.

दिवसा गोष्ट सांगितली की मुलांचा मामा वाट चुकतो, ही समजूत. मीही चिमूरला लहानपणी ऐकलेली. आमच्या घरी टीव्ही आल्यापासून मामांनी वाट चुकणं सोडून दिलं होतं, त्यामुळे ती माझ्या डोक्यातून गेली. पण कोसमटोल्यात मामा रस्त्यानं एसटीनं येत नाही, जंगलातून पायी येतो. तिथे वाट चुकणं म्हणजे गंमत नाही. तरी सुरुवातीला कुणी हरकत घेतली नव्हती, कारण रेखाबाईंवर गावाचा विश्वास. गावातली सगळी लहान पोरं त्यांच्या हातून खाऊन मोठी झालेली.

मग त्यांचाच भाऊ चुकला. शंकर नाव त्याचं, जंगलापलीकडच्या गावी राहणारा. बहिणीच्या मुलांसाठी तेंदूची चार टेंभरं घेऊन सकाळी निघाला तो संध्याकाळपर्यंत पोहोचलाच नाही. गाव शोधायला निघालं. दुसऱ्या दिवशी भलत्याच बाजूला एका झाडावर सापडला. खाली वाघाची चाहूल, म्हणून रात्रभर वर बसून राहिलेला. उतरताना पडून पाय मोडून घेतला. जीव वाचला, पण शंकरसारखा माणूस, जो लहानपणापासून त्या वाटेनं जातो येतो, तो चुकतोच कसा? गावानं विचार केला आणि उत्तर फळीवरच होतं. ज्या बाईनं रोज दिवसाउजेडी गोष्ट वाजवली, तिच्याच लेकरांचा मामा चुकला. आपल्याही लेकरांना मामा आहेत, ते रोज रानात असतात. दुसऱ्या दिवसापासून एकेक करून मुलं यायची बंद झाली.

"कोणी वाकडं नाई बोललं मॅडम," रेखाबाई म्हणाल्या. "भांडले असते तर बरं झालं असतं. मी दिसली का बाया लेकराले कडेवर घेऊन राह्यल्या."

शंकरचा पाय प्लॅस्टरमध्ये होता आणि तो बहिणीच्याच घरी पडून होता. आम्ही भेटायला गेलो. गप्प माणूस. नेमका कुठे चुकलात, असं वंदनानं विचारलं, तर त्यानं भिंतीकडे तोंड केलं. रेखाबाई हळूच म्हणाल्या, कोणालेच सांगत नाई.

नागपूरला परतून मी कार्यालयात सगळं सांगितलं. एकानं सुचवलं, अंधश्रद्धेवर एक खास भाग करावा. मी म्हटलं, करू, पण तो भाग ऐकायला मुलं आधी अंगणवाडीत आली पाहिजेत. दुसऱ्यानं सुचवलं, कार्यक्रम संध्याकाळी घ्या. संध्याकाळी अंगणवाडी बंद असते आणि रेडिओ तिथेच कुलपात असतो. तिसरा उपाय सगळ्यांना सोपा वाटला, गोष्ट काढून टाका, गाण्यांवर भागवा. वंदनानं फोनवर शांतपणे सांगितलं की मग निवेदक दुसरा बघा. मला तिचा राग आला आणि अभिमानही वाटला, दोन्ही एकदमच. आमच्या समितीतले मुंबईचे एक वयस्क गृहस्थ म्हणाले, "गावाचं गावाला ठरवू द्या ना. आपण पैसे दिलेत, अक्कल नाही दिली." देणाऱ्यांच्या तोंडून असं वाक्य मी नोकरीत फार कमी वेळा ऐकलं.

मग कोसमटोल्यात बैठक झाली. गावच्या पाटलांनी बोलावली, आम्हाला कडेला जागा दिली. माझा अंदाज होता की अर्ध्या तासात आरडाओरडा होऊन उठतील. पण त्या दिवशी मी जी चर्चा ऐकली तशी मोठ्या शहरांतल्या परिषदांतही ऐकली नाही. प्रश्न असा निघाला की सोमाबाईंनी गोष्ट सांगितली कधी? त्या तयारच होत्या. म्हणाल्या, मी दिवा लागल्यावरच सांगतली, विचारा या पोरीले. वंदनानं मान हलवली. म्हणजे सोमाबाई सुटल्या. मग दोषी कोण? गोष्ट तोंडातून निघते तेव्हा ती सांगितली गेली, की कानात शिरते तेव्हा? एक म्हातारा म्हणाला, तोंडातून निघाली की झाली, पुढे डबा कधीही वाजो. दुसरा म्हणाला, तसं असेल तर आज रात्री रांधलेलं उद्या दुपारी खाल्लं तर जेवण रात्रीचं धरायचं का? यावर बरीच माणसं विचारात पडली. कुणी हसलं नाही आणि मीही हसले नाही. शेवटी ठरलं की गोष्ट कानात शिरते तेव्हाच ती होते. म्हणजे दहाच्या रेडिओवरची गोष्ट दिवसाचीच.

रेखाबाई मान खाली घालून बसल्या होत्या. निकाल त्यांच्या विरुद्ध गेला होता.

तेव्हा सोमाबाईंनी आपल्या माहेरची एक रीत सांगितली. मूल तापानं फणफणलं आणि दिवसाच गोष्टीचा हट्ट धरून बसलं, तर त्याला निजवायचं कसं? मग आधी मामाला वाट सांगायची. मामाच्या दारापासून आपल्या दारापर्यंत, नाला, टेकडी, मोठी झाडं, एकही खूण न सोडता, मोठ्यानं. मामा कुठेही असला तरी वाट त्याला पोहोचते. मग गोष्ट सांगायला मोकळीक. सांगायचं मात्र मुलानंच, कारण मामा त्याचा.

वंदनानं माझ्याकडे पाहिलं. आमच्या कामाच्या भाषेत सांगायचं तर मुलाला दिशा, क्रम, आठवण, सलग बोलणं हे सगळं एका खेळात मिळत होतं, आणि असले खेळ तयार करायला आम्ही चांगल्या शिकलेल्या मंडळींना मानधन देत होतो. पण ते मला नंतर सुचलं. त्या क्षणी मला एवढंच दिसत होतं की बायांनी अजून रेखाबाईंकडे पाहिलेलं नाही. रीत पटली होती, तरी आपलं मूल आधी पाठवायला कुणी तयार नव्हतं. पाटलांनी विचारलं, "मंग कोण पाठवते?" आणि सगळे एकमेकांकडे बघायला लागले. बैठक तशीच उठली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही अंगणवाडीत होतो. रेखाबाईंनी झाडून काढलं, सतरंजी घातली, रेडिओचं फडकं सोडलं. सतरंजीवर सुमी एकटी. बाया मात्र आल्या होत्या. लेकरं कडेवर घेऊन दाराबाहेर, जरा अंतर ठेवून उभ्या होत्या. आत काय होतं ते त्यांना बघायचं होतं, भाग घ्यायचा नव्हता. दहा वाजत आले. रेखाबाईंचा हात बटणावर होता, पण त्या ते फिरवत नव्हत्या. इतक्या वर्षांत कितीतरी प्रकल्प डोळ्यांसमोर बुडाले, पण तेव्हा बुडायचे ते कागद. इथे एक बाई आपल्या गावात परत उभी राहणार की नाही, एवढाच सवाल होता.

बाहेर बाया बाजूला सरकल्या. शंकर आला होता. काठी टेकत, प्लॅस्टरचा पाय फरफटत. तो आत आला आणि सतरंजीवर सुमीच्या समोर कसाबसा बसला.

"मी इथीच बसून हाव," तो बहिणीला म्हणाला. "आता मी कुठी चुकन? लाव तुहा रेडू."

रेखाबाईंनी बटण फिरवलं. वंदनाचा आधीच रेकॉर्ड केलेला आवाज आला, गाणं सुरू झालं. पण सुमी गाण्याकडे लक्ष देईना. आदल्या दिवशी बैठकीत आईजवळ बसून ऐकलेली रीत तिला पक्की लक्षात होती. मामा समोर बसला म्हणून काय झालं, वाट सांगायचीच. आईबरोबर पायी गेलेली ती वाट तिनं सुरू केली. मामाच्या घरासमोरची विहीर. विहिरीवरून बोडीची, म्हणजे लहान तळ्याची, पाळ. पाळीवरून मोहाची झाडं. मग वारूळ. मग नाला. नाल्यापाशी येऊन ती थांबली. तिथून वाटा फुटतात.

"मामा, तू कुठी चुकलता?"

शंकर खाली बघत राहिला. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की या माणसानं भिंतीकडे तोंड का केलं होतं. रानातला माणूस आपल्याच रानात चुकला, हे त्याला कुणासमोर म्हणवत नव्हतं. गोष्टीनं चुकवलं म्हटलं की त्याची लाज झाकली जात होती, आणि ती झाकण्याचं ओझं बहिणीवर पडलं होतं. ते त्याला कळत होतं, आणि त्या पायानं तो चालत आला होता.

"नाल्यापाशीच, पोरी," तो म्हणाला. आवाज मोठा नव्हता, पण दारापर्यंत गेला. "तिथी अर्जुनाचं मोठं झाड होतं. त्याले पाहूनच मी वळत होतो. ते वादळात पडलं. मले ठाव नव्हतं. मी झाड पाहत पुढंच गेलो. रेडूनं नाई चुकवलं. मीच चुकलो."

सुमीनं थोडा विचार केला. झाड गेलं तर मामा कशावरून वळेल, हा तिच्यापुढचा खरा प्रश्न होता.

"तिथी काळा गोटा हाय ना, बसाचा," ती म्हणाली. "आता त्याच्यापाशी वळत जा. मंग आमची वाडी दिसते. मंग आमचं दार."

शंकरनं मान हलवली आणि तिचे शब्द तसेच तिला म्हणून दाखवले, काळ्या गोट्यापाशी वळायचं, मग वाडी, मग दार. रेखाबाईंनी तोंडाला पदर लावला. रेडिओवर गाणं संपलं होतं आणि सोमाबाईंचा कोल्हा बोलायला लागला होता.

दारातल्या एका बाईनं कडेवरचं पोर खाली सोडलं. ते जरा वेळ तिथेच उभं राहिलं, मग चालत आत आलं आणि शंकरच्या शेजारी बसलं.